मुलगा पाहायला हार्लेमला

आमच्याकडे मुलगा पाहायला जायचं म्हणजे भुसावळ, पाचोरा, फार तर नाशिक. सकाळी निघायचं, पोहे खायचे, घर पाहायचं, हळूच मागच्या अंगणात जाऊन पाण्याची सोय बघून यायची आणि ‘कळवतो’ म्हणून दिवेलागणीला परत. आमच्या लेकीने, नोकरीसाठी हॉलंडला गेलेल्या केतकीने, स्वतःच पसंत केलेला मुलगा मात्र तिथल्या हार्लेम नावाच्या शहरातला निघाला. त्यामुळे ‘कळवतो’ म्हणायलासुद्धा मला व्हिसा काढावा लागला.

गेल्या मे महिन्यात मी तिथे दहा दिवस होते. परत आल्यापासून जळगावात जी भेटते ती विचारते, “मग बाई, काय काय पाहिलं?” चर्च पाहिलं, म्युझियम पाहिलं, जुन्या गल्ल्या पाहिल्या. पण खरं सांगायचं तर या सगळ्यापेक्षा जास्त मी नानांना पाहिलं.

नाना म्हणजे माझे थोरले दीर. वय एकाहत्तर. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात कोरडवाहू शेती, पंधरा वर्षं गावचे सरपंच, आणि आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. खरं तर मी माझ्या यजमानांबरोबर जाणार होते. पण त्यांच्या पासपोर्टवर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं निघालं. फॉर्म त्यांनी स्वतःच भरला होता, त्यामुळे रागवायलाही कोणी नव्हतं. नानांचा पासपोर्ट मात्र तयार होता. ठिबक सिंचन पाहायला शेतकऱ्यांचा एक दौरा इस्राएलला जाणार होता, तो रद्द झाला आणि पासपोर्ट कोराच कपाटात राहिला.

“मी जास,” नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. “पोऱ्या मीच देखस.”

मुलगा नाना पाहणार म्हटल्यावर सगळ्या घराला हायसं वाटलं. मला घाम फुटला.

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. साठ पोरांचा वर्ग नुसत्या भुवईने गप्प करायचे. पण घरी नाना आले की माझा पदर डोक्यावर जायचा आणि आवाज घशात. नानाही माझ्याशी थेट बोलत नसत. जेठाने भावजयीशी बोलायचं तर मध्ये कोणीतरी लागतं. “केतकी, तुन्ही मायले सांग, चहा ठेव.” केतकी नसली की मांजर. ‘मांजरबाई, भाजीमा मीठ जरा कमी शे’ असं आमच्या मांजराने कितीदा ऐकून घेतलंय.

विमानात मांजर नव्हतं. नऊ तास आम्ही शेजारी शेजारी बसलो. नाना समोरच्या सीटच्या पाठीवरच्या पडद्याला म्हणाले, “पानी भेटी का कोनले?” मी पण पडद्याकडेच बघत म्हटलं, “मागवते.” हवाई सुंदरीला वाटलं आमचं कडाक्याचं भांडण झालंय. तिने दोघांना एकेक चॉकलेट जास्त दिलं आणि माझ्या खांद्यावर हलकेच थोपटून गेली.

हेंकभाऊंचं घर

मुलाचं नाव यॅस्पर. स्टेशनवर घ्यायला आला तेव्हा मला आधी फक्त त्याच्या शर्टाची बटणं दिसली. केतकीने पाया पडायचं शिकवून ठेवलं होतं. एवढा उंच माणूस वाकायला लागला की बराच वेळ वाकतच राहतो. नाना आशीर्वादाचा हात वर धरून वाट बघत राहिले. आजूबाजूचे लोक थांबून बघायला लागले, एका बाईने त्याचं काही हरवलं का म्हणून विचारलंही.

“काय करस पोऱ्या?” नानांनी पहिलाच प्रश्न टाकला.

केतकीने सांगितलं, की यॅस्पर पाण्याच्या खात्यात इंजिनिअर आहे. ही सगळी जमीन समुद्रापेक्षा खाली, त्यामुळे पंप लावून रात्रंदिवस पाणी बाहेर काढावं लागतं. ते काम हा बघतो.

नाना रस्त्यातच थांबले. त्यांच्या गावाला मार्चपासून टँकर येतो.

“पानी फेकी देतस? आनि त्याना पगार भेटस?”

“हो नाना.”

कालव्याच्या कडेने जाताना नाना दर थोड्या वेळाने थांबून पाण्याकडे बघत होते. परक्या घरात अन्न वाया जाताना दिसलं तर माणूस जसा बघतो तसं.

दुसऱ्या दिवशी यॅस्परच्या वडिलांकडे कॉफीचं आमंत्रण होतं. त्यांचं नाव हेंक. वय अडुसष्ट, पत्नी वारलेली, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. “नाववरथीनच हेकट वाटस,” नाना म्हणाले. घर अरुंद, तीन मजल्यांचं, आणि जिना म्हणजे आपल्याकडे माळ्यावर चढायची शिडी. हेंकभाऊंनी हौसेने वरपर्यंत नेऊन सगळं घर दाखवलं. उतरताना नाना तोंड भिंतीकडे करून, विहिरीत उतरतात तसे उलटे उतरले.

मग कॉफी आली. हेंकभाऊंनी एक सुंदर डबा उघडला, सगळ्यांपुढे फिरवला, आम्ही एकेक बिस्किट घेतलं, आणि त्यांनी झाकण लावून डबा उचलून कपाटात ठेवला.

तो झाकणाचा आवाज मी विसरणार नाही. आमच्याकडे पाहुणा तीनदा नको म्हणतो, कारण यजमान चौथ्यांदा वाढणार याची त्याला खात्री असते. इथे पहिल्यांदा नको म्हणायचीसुद्धा संधी मिळाली नाही. नाना कपाटाकडे बघत राहिले. घराबाहेर पडल्यावर ते रस्त्यालाच म्हणाले, “एक बिस्किट! आपला बैलबी एकवर थांबत नही. आठे पोर देवानी म्हंजे...” आणि वाक्य तसंच सोडून पुढे चालायला लागले.

केतकीने समजावलं, की इथे तीच पद्धत आहे, दुसऱ्या कॉफीबरोबर दुसरं बिस्किट येतं, आपणच पहिल्या कॉफीनंतर उठलो. पण नानांच्या चेहऱ्यावर ‘कळवतो’ उमटलेलं होतं. मी तो चेहरा ओळखते. त्या ‘कळवतो’नंतर आमच्याकडून कधी कोणाला काही कळवलं जात नाही.

संध्याकाळी कप धुताना केतकी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“आई, नाना नाही म्हणाले तर?”

“तू काय करशील?”

“लग्न करीनच. पण मग धुळ्याहून घरचं कोणी येणार नाही ना? पप्पासुद्धा नाहीत.”

तिचे पप्पा नानांच्या शब्दाबाहेर कधी गेलेले नाहीत. मी धुतलेलाच कप परत धुतला.

मोठं चर्च

हार्लेमच्या बाजारचौकात एक प्रचंड चर्च आहे. गावात कुठेही चुकलात तरी मान वर केली की त्याचा मनोरा दिसतो. हेंकभाऊ तिथे आठवड्यातून दोन दिवस हौसेने लोकांना माहिती सांगतात. त्या दिवशी छातीवर बिल्ला लावून ते खास आमच्यासाठी दारात उभे होते.

आत शिरले आणि माझी मान वरच राहिली. एवढी उंची, एवढा उजेड, आणि मूर्ती एकही नाही. नाना मात्र खाली बघत होते. फरशीवर अक्षरं कोरलेली होती.

“हाई काय शे?”

“थडगी आहेत नाना,” केतकी म्हणाली. “सगळी फरशीच थडग्यांची आहे. खाली माणसं पुरलीत.”

नाना जागच्या जागी थिजले. मग शांतपणे खाली बसले, बूट काढले, मोजे काढले, बूट बगलेत मारले आणि अनवाणी उभे राहिले. बाहेर अकरा अंश होतं. आत त्याहून कमी असावं.

“मरेल मानूसवर जोडा घाली पाय देवाना नही.”

केतकीने हे हेंकभाऊंना सांगितलं. हेंकभाऊ घटकाभर नानांच्या पायांकडे बघत राहिले. मग एवढा मोठा माणूस खांबाला धरून एका पायावर उभा राहिला आणि स्वतःचे बूट सोडायला लागला. नंतर केतकीने मला सांगितलं, ते काय म्हणाले. म्हणाले, मी बारा वर्षं या फरशीवर चालतोय, माझ्या हे कधी मनातच आलं नाही.

त्यामुळे पुढे अनवाणी नाना, त्यांच्या मागे अनवाणी हेंकभाऊ, त्यांच्या मागे माझी आणि केतकीची गार पावलं, अशी आमची वरात निघाली. दहा मिनिटांनी मागे बघितलं तर सात-आठ परदेशी पर्यटकही बूट हातात घेऊन येत होते. छातीवर बिल्ला लावलेला माणूसच अनवाणी म्हटल्यावर त्यांना वाटलं, इथला नियमच असणार. शेवटी तिकिटाच्या खिडकीतली बाई धावत आली आणि हेंकभाऊंशी बरंच काही बोलली. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, पण मुख्याध्यापिका कुठल्याही भाषेत ओळखू येते.

त्या चर्चला एक छोटंसं उपमंदिर आहे. पूर्वी प्रार्थनेच्या वेळी आत घुसणारी कुत्री हाकलायला पगारी माणूस असायचा. ही त्या माणसाची जागा. हे ऐकल्यावर नाना पहिल्यांदा खुलले. सरपंच असताना त्यांनी ग्रामसभेत ठराव मांडला होता, की सप्ताहाच्या पंगतीत कुत्री येतात, त्यासाठी एक माणूस नेमावा. सगळं गाव हसलं होतं. ठराव पडला.

“यासले सांग,” ते केतकीला म्हणाले, “मन्हं बरोबर व्हतं.”

हेंकभाऊंनी गंभीरपणे मान डोलावली आणि नानांचा हात हातात घेतला. तेवढ्यात वर कोणीतरी ऑर्गनचा सराव सुरू केला. पहिला खर्जाचा सूर आला तो कानाला कळायच्या आधी पोटाला कळला. माझं माहेर रावेरचं. घराशेजारी केळीने भरलेले ट्रक सुरू झाले की भांडी थरथरायची, अगदी तसं. नानांनी दचकून हेंकभाऊंचा दंड धरला, आणि मग सूर संपेपर्यंत सोडायचं विसरले.

मला जरा आशा वाटली. पण बाहेर येऊन मोजे घालता घालता ते पायरीला म्हणाले, “मानूस बरा शे. पन पोर मानूसले नही, घरले देतस.”

संचालक मंडळ

म्युझियममध्ये मी चित्रं बघायला गेले होते. नाना माणसं बघायला गेले. ती इमारत पूर्वी निराधार म्हाताऱ्यांचा आश्रम होती. भिंतींवर पुरुषभर उंचीची चित्रं आहेत, काळे कपडे, मानेभोवती पांढऱ्या कडक झालरी, दहा-बारा पुरुष टेबलाभोवती बसलेत आणि सगळे चित्रकाराकडे बघतायत.

नाना एका चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले ते हलेचनात.

“हाई ते आपलं दूध संघनं बठ्ठं संचालक मंडळ शे!”

आणि मग त्यांनी तिथल्या प्रत्येकाची ओळख करून दिली. मधला पोट पुढे काढलेला अध्यक्ष. त्याच्या कानाशी लागलेला सचिव, खरा कारभार याच्या हातात. टेबलावर हात आपटणारा विरोधी गटाचा. कोपऱ्यात तोंड पाडून बसलेला मागच्या निवडणुकीत पडलेला, त्याला फोटोपुरतं बोलावलंय. केतकी भाषांतर करत होती आणि बरोबर आलेले हेंकभाऊ ऐकता ऐकता लाल होत चालले होते. शेवटी त्यांना एवढं हसू फुटलं की पहारेकऱ्याने बोट ओठांवर ठेवलं. ते म्हणाले, इतकी वर्षं मी या खोलीत येतोय, पण तो कोपऱ्यातला का रुसलाय हे आज समजलं.

शेजारच्या दालनात नुसत्या जेवणाची चित्रं होती. अर्धं सोललेलं लिंबू, कापलेलं चीज, लवंडलेला पेला, कोणी नाही. “अर्ध जेवन टाकीसन उठी गयात,” नाना म्हणाले, “काही तरी वाईट बातमी उनी व्हई.” मी चित्राकडे परत पाहिलं आणि मला खरंच तसं वाटायला लागलं.

जुन्या गल्ल्या

सहाव्या दिवशी केतकी आणि यॅस्पर कामावर गेले. हेंकभाऊ दोन वाजता चौकात भेटणार होते. तोवर मी आणि नाना असे दोघंच जुन्या गल्ल्यांमध्ये फिरत होतो. माझ्या आयुष्यात मी नानांबरोबर एकटी कधी रस्त्याने चालले नव्हते. मी सवयीने चार पावलं मागे राहायचे, ते वळून थांबायचे, मी थांबायचे, मग ते पुढे जायचे.

गल्ल्या इतक्या सुबक, की घराबाहेर चप्पल काढून चालावं. विटांची उंच घरं, दारापाशी फुलझाडांच्या कुंड्या, माथ्यावर एकेक लोखंडी हूक. जिने अरुंद असल्यामुळे कपाटं, पलंग सगळं त्या हुकाला दोर बांधून खिडकीतून वर घेतात. आणि खिडक्या! रस्त्याला लागून भिंतभर खिडकी, आणि पडदा नाही. आत माणसं जेवतायत, पेपर वाचतायत, सगळं उघड. नानांना ते न बघता पुढे जाणं शक्यच नव्हतं. प्रत्येक खिडकीसमोर थांबून ते हात जोडून रामराम घालत. आतली माणसं गोंधळून चमचा वर करून रामराम परत करत.

मग नाना एकदम भराभर चालायला लागले. मग हळू. मग एका बाकावर बसले आणि लगेच उठले. दिव्याच्या खांबाला म्हणाले, “आठे काही सोय शे का?”

मी म्हटलं, “बाक आहे ना.”

पुढच्या कोपऱ्यावर ते एका सायकलला म्हणाले, “घर जावानं का आते?”

“हेंकभाऊ दोनला येतील. तासभर आहे अजून.”

“तासभर... इतला दम नही.” त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं छातीत दुखतंय. मी पदर-बिदर विसरून पुढे झाले आणि त्यांचा दंड धरला. “नाना! काय होतंय?”

नानांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खांब नाही, सायकल नाही, कोणी नाही.

“सुनंदा,” ते म्हणाले, “माले लघवीले लागनी.”

तेहतीस वर्षांत जेठाने भावजयीला थेट सांगितलेलं पहिलं वाक्य हे.

मग माझ्यातली शाळेची बाई जागी झाली. आसपास एकही सार्वजनिक स्वच्छतागृह दिसत नव्हतं. पण समोरच्या भिंतीत एक छोटं हिरवं दार उघडं होतं. मी नानांना ओढतच आत शिरले. आत रस्त्याचा आवाज एकदम बंद झाला. मधोमध बाग, हातपंप, आणि तिन्ही बाजूंना बुटक्या घरांची रांग. मी पहिल्या दारावर थाप मारली. एका वयस्कर बाईने दार उघडलं. चष्मा, पांढरे केस, एप्रन.

मला जे इंग्रजी त्या क्षणी सुचलं ते वर्गातलंच. “मॅडम, मे ही गो?” आणि मी करंगळी वर केली.

तीस वर्षं मी ‘बाई, एकी?’ म्हणणाऱ्या पोरांना सोडत आले होते. आज मी एकाहत्तर वर्षांच्या माजी सरपंचासाठी ती परवानगी मागत होते. बाईला करंगळी कळली नाही. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं, कापलंय का म्हणून. मग तिने नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एका क्षणात बाजूला होऊन आतलं दार दाखवलं.

तिचं नाव आन्स. वय चौऱ्याऐंशी. घर म्हणजे एक खोली आणि ओट्यापुरतं स्वयंपाकघर. शेकडो वर्षांपूर्वी एकट्या बायकांसाठी बांधलेल्या या घरांत आजही तशाच बायका राहतात, असं तिने मला हळू हळू, सोप्या इंग्रजीत सांगितलं. नाना बराच वेळ आले नाहीत. आले ते हादरलेले.

“आत कॅलेंडर टांगेल शे. रोजनी तारीखवर मानसंसनं नाव लिखेल शे. इतला लोक मरनात?”

मी घाबरत घाबरत विचारलं. ते वाढदिवसांचं कॅलेंडर होतं. इथे ते संडासातच लावतात, म्हणजे रोज नजर पडते आणि कोणाचा वाढदिवस विसरत नाही. आन्सबाईंनी लगेच पेन घेतलं आणि नानांची तारीख विचारली.

“एक जून,” नाना म्हणाले.

“आणि तुझी?”

“माझीही एक जूनच,” मी म्हटलं. “यांच्या भावाचीही तीच.”

आन्सबाईंना वाटलं आम्ही चेष्टा करतोय. मग मी सांगितलं, की आमच्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख कोणालाच माहीत नसायची, गुरुजी सगळ्यांची एक जून लिहायचे. नानांचं अर्धं गाव एक जूनला जन्मलंय. आन्सबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. मग त्यांनी एक जूनच्या चौकोनात बारीक अक्षरांत लिहिलं, नाना, सुनंदा, आणि गाव.

खिडकीत एक पुठ्ठ्याचं कार्ड उभं होतं, एका बाजूने हिरवं, एका बाजूने लाल. मी ते काय म्हणून विचारलं. आन्सबाई म्हणाल्या, रोज सकाळी नऊच्या आत ते हिरवं करायचं. नऊपर्यंत नाही केलं तर शेजारीण येऊन दार वाजवते. तिच्याकडे माझी किल्ली आहे. दोन वर्षांपूर्वी मी मोरीत पडले होते. नऊ वाजून पाच मिनिटांनी ती माझ्यापाशी होती.

मी हे नानांना सांगितलं. आता मध्ये खांब वगैरे लागत नव्हता.

“हिना पोरं?”

“एक ऑस्ट्रेलियात. एक दोन तासांवर. रविवारी फोन येतो.”

नाना कार्डाकडे बघत राहिले. का ते मला माहीत होतं. आमच्या जाऊबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. एक मुलगा पुण्याला, एक सुरतेला. सहा खोल्यांच्या घरात नाना एकटे. मागच्या पावसाळ्यात तापाने पडून होते, ते डेअरीवर दोन दिवस दूध आलं नाही म्हणून लोकांना कळलं. ते आम्ही कधी आपसांत बोललो नव्हतो.

बाहेर आल्यावर नाना हातपंपापाशी थांबले.

“माले वाटे, आठे केतकी म्हातारी व्हयनी ते तिले कोन देखी? तेच डोकामा व्हतं. बिस्किटनं काही नव्हतं. आते वाटस, मालेच कोन देखस?”

मी म्हटलं, “घरी परत गेल्यावर रोज सकाळी मी फोन करीन. नाही उचलला तर गावातल्या चार जणांना पाठवीन.” आणि तोंड उघडलंच आहे तर बोलून घ्यावं म्हणून पुढे म्हटलं, “नाना, मुलगा चांगला आहे. मला पसंत आहे.”

नाना माझ्याकडे बघत राहिले. “मंग इतला दिवस बोलनी काबर नही?”

“तुम्ही विचारलंच नाही.”

मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण नानांनी फक्त ‘हं’ केलं, पंपाचा दांडा एकदा दाबून पाणी येतं का ते पाहिलं, आणि म्हणाले, “चाल. हेंकभाऊ थांबेल व्हई.” त्या वेळी मी चार पावलं मागे राहिले नाही. गल्ली अरुंद होती, तरी शेजारून चालले.

मळा

शेवटच्या रविवारी हेंकभाऊंनी आम्हाला त्यांच्या मळ्यात बोलावलं. शहराच्या कडेला लोकांना भाजी लावायला जमिनीचे तुकडे दिलेले आहेत. “शेती शे त्यासनी!” म्हणून नाना उत्साहाने टोपी घालून तयार झाले. तो मळा बघून त्यांना काय बोलावं ते सुचेना. आमचा बैल आडवा झाला तर शेपूट शेजाऱ्याच्या रानात जाईल. पण बटाट्याच्या सरी दोरी लावून काढलेल्या, एक तण नाही. नाना उकिडवे बसले, माती चिमटीत घेतली, वास घेतला आणि म्हणाले, “मानूस काम करस.”

मी जळगावहून शेंगदाणे आणि भाकरीसाठी कळण्याचं पीठ नेलं होतं. आपली पांढरट हिरवी भरताची वांगी तिथे कुठली, पण तुर्की दुकानात मोठी जांभळी मिळाली. जाळायला कपाशीच्या काड्या नव्हत्या, हेंकभाऊंनी सफरचंदाच्या वाळक्या फांद्या दिल्या. नाना वांगी भाजायला बसले. धूर एवढा झाला की तिसऱ्या तुकड्यावरचा माणूस पाण्याची बादली घेऊन आला, आणि मग जेवायलाच थांबला. हेंकभाऊंनी भरीत तिखट आहे का विचारलं. मी नाही म्हटलं, कारण खरंच नव्हतं. पहिल्या घासानंतर ते उठले आणि मळ्याला एक फेरी मारून आले. आले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेवढ्यात केतकीचा फोन वाजला. धुळ्याला सासरचे सगळे एका खोलीत जमले होते, पडद्यावर डोकीच डोकी. पुढे माझे यजमान.

“नाना, काय ठरलं? सगळे वाट बघतायत.”

केतकीने फोन दोन्ही हातांनी धरला. यॅस्परला मराठी येत नाही, पण तोही बसल्या जागी ताठ झाला. नानांनी काळे झालेले हात दाखवले.

“मन्हा हात खराब शेतस. आनि माले काय इचारतस? पोरनी मायले इचारा. ती सांगी ते खरं.”

पडद्यावरची सगळी डोकी जिथल्या तिथे थांबली. यजमानांनी तर फोन बिघडला म्हणून तो हलवून पाहिला. मी केतकीच्या हातातून फोन घेतला. हाताला वांग्याचं साल चिकटलं होतं. आवाज घशातच अडकेल असं वाटलं होतं, पण तो आला, वर्गात यायचा तसा.

“मुलगा मला पसंत आहे. घर पाहिलं, माणसं पाहिली. डिसेंबरात धुळ्याला लग्न. कार्यालय बघायला लागा.”

पलीकडे एकच गलका झाला. केतकी माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. यॅस्परला वाटलं, नाही म्हटलं. त्याचा चेहरा इतका पडला की तिला रडता रडता डच भाषेत ओरडून सांगावं लागलं. मग हेंकभाऊ उठले. त्यांच्याकडे आनंदाची गोष्ट झाली की बायकांच्या गालांचे तीन मुके घेतात, इकडे, तिकडे, परत इकडे. त्यांनी केतकीचे तीन घेतले, आणि मला काही समजायच्या आत माझ्याकडे वळून पहिला घेतला. फोन माझ्याच हातात होता. सगळं धुळं बघत होतं.

नाना हातात वांग्यांचा चिमटा घेऊन मध्ये उभे राहिले.

“बस, हेंकभाऊ,” ते म्हणाले. “बाकीना दोन लगनमा.”